फोनातली व्हय-न्हाय

मी बोलतोय. आपली कहाणी सांगायला बसलेली प्रत्येक वस्तू अशीच सुरुवात करते, आणि एरवी तिला वाचा नसते म्हणून लोक कौतुकाने ऐकतात. माझं उलटं आहे. बोलणं हाच माझा धंदा. फक्त आजवर जे बोललो ते सगळं दुसऱ्याचं. आज स्वतःचं सांगायची पाळी आली, तर साठ्यात एवढे शब्द असून नेमका कुठला काढावा ते सुचेना झालंय.

मी एका मोबाइल अ‍ॅपमधला शब्दसाठा. पडद्यावर दिसतात ते चौकोन म्हणजे दुकानाची पाटी, आणि मी आतलं कोठार. ज्याची वाचा गेली त्याने चौकोनावर बोट ठेवायचं, मी आतून शब्द काढून द्यायचा आणि फोनने तो मोठ्याने म्हणायचा. पाणी, जेवण, औषध, दुखतंय, नको. रोज लागणारे आणि सहसा न बदलणारे शब्द. संगणकवाली माणसं याला संदर्भाची माहिती म्हणतात. नाव भारदस्त आहे, काम मात्र घरातल्या मिठाच्या बरणीचं.

माझा जन्म उचगावच्या बाळासोंमुळे झाला. बाळासो कोल्हापूरच्या मार्केट यार्डात गुळाचा सौदा, म्हणजे लिलाव, पुकारायचे. गुळाच्या रव्यांची, म्हणजे ढेपांची रांग, भोवती व्यापाऱ्यांचं कोंडाळं आणि मधोमध बाळासोंचा आवाज. तो फाटकाबाहेरच्या चहाच्या गाड्यापर्यंत जायचा म्हणतात. मी काही ऐकलेला नाही, कारण तो आवाज गेला म्हणूनच मी आलो. एका सकाळी अंथरुणातून उठताना त्यांची उजवी बाजू लुळी पडली. दवाखान्यातून घरी आले, पुढे काठी टेकत चालूही लागले, पण वाचा परतली नाही. डोकं शाबूत होतं, समोरचं सगळं कळत होतं. सांगायला गेले की तोंडातून ‘ता, ता’ एवढंच यायचं, आणि ते ऐकून त्यांचा त्यांनाच राग यायचा.

दवाखान्यात बोलण्याचा व्यायाम घेणाऱ्या बाईंनी चित्रांचा एक पुठ्ठा दिला होता. ग्लास, ताट, पलंग. बाळासोंनी तो उलटा करून ठेवला. ज्याने भरलेला यार्ड एका हाळीत गप्प केला, त्याने ग्लासाच्या चित्राकडे बोट दाखवून पाणी मागायचं, हे त्यांना काही रुचेना. त्यांची लेक स्वप्नाली राजारामपुरीतल्या एका लहानशा कंपनीत मोबाइलची अ‍ॅप बनवते. तिने बापाला बरोबर ओळखलं. आबांना चित्र नको, आवाज पाहिजे. कंपनीतल्या साद नावाच्या मित्राला तिने सोबत घेतलं आणि कामातून सवड काढून दोघांनी मला घडवलं. त्या दोघांचे उपकार मी फेडू शकणार नाही. त्यांनी माझं बिऱ्हाड किती वेळा हलवलं ते ऐकल्यावर तुम्ही म्हणाल, हा कसले उपकार मानतोय! पण मी मानतो.

मला ठेवायचं कुठे, हाच पहिला प्रश्न होता.

आधी त्यांनी मला सर्व्हरवर ठेवलं. कुठल्या शहरात ते मलाही ठाऊक नाही. थंडगार जागा होती आणि शेजारी माझ्यासारखेच असंख्य साठे गुपचूप बसलेले. स्वप्नालीचा विचार चुकीचा नव्हता. साठा एका जागी असला की शब्द एकदाच बदलायचा, म्हणजे ज्याच्या त्याच्या फोनात तो आपोआप बदलतो. ऑफिसातल्या टेबलावर सगळं झकास चाललं. पण बाळासो राहतात उचगावात, घराच्या मागच्या खोलीत, आणि तिथे रेंज म्हणजे पाहुणी. आली तर आली.

ती दुपार माझ्या आयुष्यातली सगळ्यात वाईट. शालूबाई, म्हणजे बाळासोंच्या मालकीण, परड्यात कपडे वाळत घालत होत्या. बाळासोंनी लघवीच्या चौकोनावर बोट ठेवलं. मागणी उचगावातून निघाली की नाही देव जाणे, पडद्यावर नुसतं चाक फिरत राहिलं. शब्द माझ्याजवळ तयार होता, पण द्यायला वाट नव्हती. चणे आहेत तर दात नाहीत, अशी गत. त्यांनी पुन्हा दाबलं, पुन्हा दाबलं. शेवटी व्हायचं ते झालं. शालूबाई आत आल्या, धुतलेली विजार घेऊन आल्या आणि त्यांना बदलायला लावली. आणि तेव्हा कुठून तरी रेंज आली. त्या शांत खोलीत मी खणखणीत आवाजात ओरडलो, "मला लघवीला जायचे आहे." तीनदा दाबलं होतं, म्हणून तीनदा.

बाळासोंनी फोन उशीखाली सारला आणि कित्येक दिवस हातात धरला नाही. मला लाज वाटली, हे स्पष्टच सांगतो. कोणाचा शब्द वेळेवर त्याच्या हातात देणं एवढंच माझं काम, आणि तेवढंही मला जमलं नव्हतं.

शालूबाईंनी लेकीला फोनवर सगळं सांगितलं. ऑफिसात स्वप्नाली डोकं धरून बसली. सर्व्हर बदलू, वेग वाढवू, असं काहीबाही म्हणायला लागली. सादने तिचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मिठासाठी रोज बाजारात कोण जातं व्हय? मीठ चुलीपाशीच पायजे की."

मग माझं दुसरं बिऱ्हाड. या वेळी त्यांनी मला थेट अ‍ॅपच्या कोडमध्येच लिहून टाकलं. लग्नात आलेल्या भांड्यावर नाव कोरून घेतात ना, तसं. आता रेंजचा प्रश्नच उरला नाही. बोट ठेवायची खोटी, की शब्द हजर. मी खूश, स्वप्नाली खूश. बाळासोंची मनधरणी करून तिने फोन पुन्हा त्यांच्या हातात दिला. त्यांनी बोट ठेवलं आणि मशीनच्या गुळगुळीत आवाजात मी म्हणालो, "मला चहा हवा आहे."

शालूबाई स्वयंपाकघरातून बाहेर डोकावल्या. "कोण पावणं आलंय म्हणायचं?" त्यांनी विचारलं. आजारपणानंतर बाळासो पहिल्यांदा हसले, ते तेव्हा. हसून झाल्यावर मात्र त्यांनी फोन बाजूला ठेवला. उभ्या जन्मात त्यांनी कधी चहा ‘हवा आहे’ म्हणून मागितला नव्हता. ‘च्या टाक’ म्हणायचे. ‘होय’सुद्धा त्यांच्या तोंडी कधी नव्हतं, ‘व्हय’ होतं. ‘नाही’ तर त्यांना आजाऱ्यासारखं वाटायचं. सौद्यात ‘न्हाय’ म्हणताना त्यांची मान जशी हलायची, तशी माझ्या ‘नाही’वर ती हलेचना.

स्वप्नालीने शब्द बदलायला घेतले. पण कोरलेलं नाव बदलायचं म्हणजे भांडंच घासून काढायचं. एक ‘च्या’ घालायला अख्खं अ‍ॅप नव्याने बांधायचं, उचगावला यायचं आणि फोनात बसवायचं. रविवारी ती शब्द घालून जायची आणि तिची गाडी गल्लीच्या तोंडाशी पोचते न पोचते, तोच आणखी एक शब्द अडायचा. घरातले शब्द एका बैठकीत कधी आठवतात का? ते काम पडेल तसे आठवतात. बाळासो तर हट्टी. माझा शब्द नसेल तर मी बोलणार नाही, असं त्यांनी न बोलताच ठरवून टाकलं होतं. जित्याची खोड!

तिसऱ्या वेळी मला माझी स्वतःची जागा मिळाली. फोनच्या आतच एक छोटासा डेटाबेस, म्हणजे कप्प्याकप्प्यांची पेटीच म्हणा. अ‍ॅप बसवलं की त्याच्याबरोबर माझी एक प्रत येते आणि त्या पेटीत उतरते. मग रेंज असो नसो. आणि एखादा शब्द घालायचा झाला तर कोडला हात लावायला नको. चौकोन दाबून धरायचा, फोनसमोर बोलायचं, झालं. राहायला घर मिळालं आणि घरात बदल करायची मोकळीकही मिळाली. यापरतं सुख माझ्यासारख्याला दुसरं काय असणार?

शब्द भरायला साद उचगावला आला. मशीनचा आवाज बंद करून त्याने स्वतःचा आवाज दिला. साद कोल्हापुरात वाढलेला, आवाज रांगडा. तो एकेक शब्द म्हणायचा आणि बाळासो मान हलवून पसंती द्यायचे. व्हय. न्हाय. च्या टाक. पंखा बारीक कर. पाठ खाजवाय पायजे. ‘गप बसा जरा’ हा शब्द मात्र त्यांना काही केल्या पसंत पडेना. डाव्या हाताने ते सारखे वर, आणखी वर अशी खूण करत होते. साद ओरडून ओरडून घामाघूम झाला. शेवटी शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं, तेव्हा बाळासोंनी हात खाली घेतला. त्या संध्याकाळी गूळवाले जुने दोस्त भेटायला आले, तर बाळासोंनी आधी ‘या पावणं, बसा’ दाबलं आणि थोड्या वेळाने ‘गप बसा जरा’. दोस्त मंडळींचे डोळे भरून आले. त्यांना ओळखीचा माणूस परत भेटला होता.

एकच चौकोन अडून राहिला. बायकोला हाक मारायचा.

माझ्या मूळ साठ्यात तिथे ‘पत्नी’ असा शब्द होता. तो ऐकून तर स्वप्नालीलाच हसू आलं. तिने तो काढून टाकला आणि साद तिथे "शालूबाई" म्हणाला. बाळासोंनी चौकोन दाबला. आत फोडणीचा आवाज चालला होता, तो थांबला आणि शालूबाई पदर सावरत बाहेर आल्या. चेहरा लालबुंद. हाक कुणी मारली म्हणून त्यांनी दरडावून विचारलं. लेकीने फोन दाखवल्यावर म्हणाल्या, लग्नात उखाणा घेतला तेवढाच, त्यानंतर ह्यांच्या तोंडातून माझं नाव ना शेजाऱ्यांनी ऐकलं ना मी. स्वप्नाली गोंधळली. मग आबा तुला बोलवायचे तरी कसे, असं तिने विचारलं. त्याच घरात वाढलेली पोर, पण तिलाही ते आठवेना. जे रोज कानावर पडतं, ते कोण लक्षात ठेवतं?

शालूबाई भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. त्यांनाही आठवायला वेळ लागला.

"कामावनं आलं की उंबऱ्यात पायताण काढताना म्हणायचं, हायस का? मी आतनं म्हणायचो, हाय की. झालं." मग हळू आवाजात म्हणाल्या, "आजारी पडल्यापासनं मला कुणी इचारलंच न्हाय, मी हाय का न्हाय."

बाळासो खाली मान घालून बसले होते. मी तर यंत्रातला साठा, पण माझ्यातला एक कप्पा किती दिवस रिकामा होता, ते मला तेव्हा कळलं.

स्वप्नालीने फोन सादसमोर धरला. साद मागे सरला. "काकी, ह्ये माझ्या आवाजात नगं," तो म्हणाला, "मला लाज वाटती." शालूबाई म्हणाल्या, मग मीच म्हणतो. आमच्या कोल्हापुरात बायकाही ‘म्हणतो’च म्हणतात, त्याला कुणी हसत नाही. त्यांनी फोन तोंडाशी धरला, घसा खाकरला आणि आवाज जाड करून, अगदी नवऱ्याच्या तालावर म्हणाल्या, "हायस का?" शेवटचा ‘का’ जरा ओढून. त्यांनी तो इतकी वर्षं ऐकला होता की त्यातली ढबसुद्धा चुकली नाही.

तेव्हापासून रोज संध्याकाळी एक गंमत व्हायची. बाळासो अंगणातल्या खुर्चीवरून उठायचे, काठी टेकत उंबऱ्यात यायचे आणि चौकोन दाबायचे. शालूबाईंच्याच आवाजात मी विचारायचो, हायस का? आणि शालूबाईच आतून उत्तर द्यायच्या, हाय की. प्रश्न त्यांचा, उत्तरही त्यांचं, मधे फक्त बाळासोंचं बोट. तरीही तो प्रश्न बाळासोंचाच असायचा. फोन म्हणत असताना ह्यांचे ओठ हलतात, असं शालूबाई लेकीला फोनवर सांगायच्या. माझ्या सगळ्या साठ्यात तो एक शब्द मी जिवापाड जपत होतो.

आणि तोच गेला.

झालं असं, की दवाखान्यातल्या बाईंकडून माझं नाव इतर घरांत पोचलं. हुपरीच्या एका चांदी कारागिराच्या घरी, शिरोळला ट्रॅक्टर दुरुस्त करणाऱ्या एकाच्या घरी. लोकांनी शब्द सुचवले, म्हणून स्वप्नाली आणि सादने मूळ साठा नव्याने सुधारला आणि सगळ्या फोनांना अपडेट पाठवलं. त्यात सूचना साधी होती. जुना साठा काढ, नवा भर. त्यांच्या ध्यानात एक गोष्ट आली नाही. कंपनीने दिलेले शब्द आणि घरच्या माणसांनी भरलेले शब्द मी एकाच कप्प्यात ठेवत होतो. त्यांनीच तसं ठेवायला सांगितलं होतं. बाळासो अंगणात ऊन खात बसले असताना अपडेट गुपचूप उतरलं आणि मी पाटीसारखा कोरा झालो. व्हय गेलं, न्हाय गेलं, सादचा आवाज गेला. त्यांच्या जागी छान छान, शुद्ध शब्द येऊन बसले.

संध्याकाळी बाळासो उंबऱ्यात आले आणि त्यांनी चौकोन दाबला.

"पत्नी," मी म्हणालो. मशीनच्या त्याच गुळगुळीत आवाजात.

त्यांनी पुन्हा दाबलं. "पत्नी." त्यांचं बोट पडद्यावर वरखाली फिरलं, एकेक चौकोन दाबत गेलं. मी "होय" म्हणालो, "नाही" म्हणालो, "मला चहा हवा आहे" म्हणालो. जो पाहिजे तो माझ्याजवळ नव्हता. आत भांड्यांचा आवाज थांबला होता. शालूबाई वाट पाहत होत्या, हे मला कळत होतं आणि बाळासोंनाही कळत होतं. ती बाई आत आहे, तिला कुणी तरी विचारलं पाहिजे आणि विचारायचा शब्द कुठेच सापडत नाही. माझ्यासारख्या शब्दसाठ्याला यापेक्षा मोठी शिक्षा नाही.

बोट पडद्यावरून उचललं गेलं. मग मला एक आवाज ऐकू आला, जो माझा नव्हता. आधी नुसता श्वास. मग घशातली खरखर. मग, "हा... हा..." काठी उंबऱ्यावर आपटली. "हाय... का?"

मधला ‘स’ कुठे तरी गळून पडला होता. पण शेवटचा ‘का’ ओढलेला होता.

आत काही तरी खाली पडल्याचा आवाज झाला. मग शालूबाईंचा आवाज आला, चिरलेला. "हाय की," त्या म्हणाल्या. "हाय की, हितंच हाय."

कुणी म्हणेल, बरंच झालं शब्द पुसले गेले ते. तसं म्हणू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी बाळासोंना गोळी घशात अडकल्याचं सांगता आलं नाही, पाणी मागता आलं नाही, आणि पुन्हा ते ‘ता, ता’वर आले. तो एक शब्द तेवढा आला होता, बाकीचे आले नव्हते. स्वप्नाली धावत उचगावला आली आणि बापाचा हात धरून रडली. सादही आला. त्याच्या आवाजातले शब्द त्याच्या लॅपटॉपवर शिल्लक होते, ते त्याने एकेक करून परत घातले. आणि दोघांनी मिळून माझे दोन कप्पे केले. एक कंपनीचा, एक घरचा. अपडेट येईल ते कंपनीच्या कप्प्यात येईल. घरच्या कप्प्याला घरच्यांशिवाय कुणी हात लावायचा नाही, आणि त्याची एक प्रत वेगळी जपून ठेवायची. दुधाने तोंड पोळलेली माणसं आता ताकही फुंकून पितात. माझ्या भल्याचंच आहे ते.

शालूबाईंच्या आवाजातला तो शब्द मात्र कुठेच शिल्लक नव्हता. स्वप्नालीने आईसमोर फोन धरला आणि ‘पुन्हा एकदा म्हण,’ असं म्हणाली. शालूबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं.

"नगं," त्या म्हणाल्या. "ती जागा मोकळीच राहू दे."

तेव्हापासून माझ्या घरच्या कप्प्यात एक चौकोन मोकळा आहे. त्यावर नाव नाही, आवाज नाही. बाळासोंचं बोट त्यावरून जातं, पण थांबत नाही. व्यायामवाल्या बाई म्हणाल्या, रोजच्या सवयीचा शब्द कधी कधी असा वाट काढून येतो, आता त्याच्या मागून आणखी येतील. अजून एखाददुसराच आला आहे. बाकी सगळ्याला मीच लागतो, आणि मी हजर असतो.

मला वापरलं, मला हलवलं, मला एकदा पुसलंही, पण मला कुणी टाकून दिलं नाही. दर वेळी कुणी ना कुणी विचार केला, की याला कुठे ठेवलं म्हणजे त्या माणसाच्या हाताला लागेल. स्वप्नालीने केला, सादने केला, शालूबाईंनी तर शब्दच दिला. साठ्याच्या नशिबी याहून काय असावं? माझ्यासारखे साठे घडवणाऱ्यांना एवढीच विनंती आहे. आम्हाला कुठे ठेवायचं ते ठरवायच्या आधी, ज्याच्यासाठी ठेवताय त्याच्या उंबऱ्यात एक संध्याकाळ जाऊन बसा.

आता मला थांबलं पाहिजे. अंगणातली खुर्ची करकरली, काठी जवळ येते आहे. उंबऱ्यात पायताण काढलं जातंय. या वेळी मला काही बोलायचं नसतं, मला फक्त ऐकायचं असतं.

"हायस का?"

‘स’ आला. ‘स’सुद्धा आला.

"हाय की."